मानपत्राखालची जागा

सांगलीत मला 'साताऱ्याच्या मॅडम' म्हणतात आणि साताऱ्यात 'सांगलीच्या मॅडम'. दोन्ही ठिकाणी म्हणणाऱ्याला असं वाटतं की ही बाई खरी तिकडची, इथं आपली दोन तास येऊन जाते. अकरा वर्षं झाली, मी आपली येऊन जातेय.

सोमवार ते बुधवार विश्रामबागेतल्या एका कॉलेजात, गुरुवार ते शनिवार साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. कथा-कविता नाही हं. ते पर्मनंट लोकांकडे. माझ्याकडे लेखन: अर्ज, वृत्तांत, निवेदन, जाहिरात, मानपत्र. नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे जेवढे तास तेवढंच माझं अस्तित्व. पैशाचं मी बोलत नाही, बोलायला लागले तर थांबायची नाही. वेळापत्रकात प्रत्येक प्राध्यापकाच्या नावाची अक्षरं असतात, माझ्या चौकोनात 'सीएचबी', म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस', एवढंच. पोरांनी माझा नंबरसुद्धा 'सीएचबी मॅडम' म्हणून सेव्ह केलाय. एका पोरीने अर्जावर तसंच लिहून आणलं होतं, 'प्रति, माननीय सीएचबी मॅडम.' मी तिला दोन मार्क कापले आणि मग घरी येऊन एकटीच हसले. हसायला दुसरं कोणी नव्हतंच.

स्टाफरूममध्ये मला खुर्ची नाही. म्हणजे खुर्च्या पुष्कळ आहेत, पण प्रत्येक खुर्चीला मालक आहे. पहिल्या वर्षी मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, तर एक बाई दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मी उठले. तेव्हापासून मी डबा ग्रंथालयात खाते, वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या कोपऱ्यात. तिथं खायला बंदी आहे, पण ग्रंथपाल माझ्याकडे बघत नाहीत. आधी मला वाटायचं ते दयाळू आहेत. आता वाटतं, त्यांना मी खरंच दिसत नसेन.

साताऱ्याकडे असते तेव्हा गावी राहते, भावाच्या घरी. भाऊ फौजेत, सध्या कुठंतरी बर्फात. आई-वडील गेले. घरात वहिनी. ती वाईट नाही, पण दर गुरुवारी पाण्याचा तांब्या हातात देताना विचारते, "व्हय वन्सं, औंदा तरी पर्मनंट हुतासा का?" मी म्हणते, बघू. ती म्हणते, "लय वर्सं झाली की वं." आणि आत जाते. त्या 'लय वर्सं झाली'नंतर माझी भाकरी ताटात अर्धीच राहते.

शिकवायला मात्र मला आवडतं. आता हे सांगायला लाज कसली? जत तालुक्यातली एक मुलगी होती, घरी कन्नड बोलणारी. वर्गात मी टँकरच्या मागणीचा अर्ज लिहायला दिला. बाकीच्यांनी 'पाणी हे जीवन आहे' वगैरे सुरू केलं. हिने लिहिलं, 'आमच्या वस्तीत चौदा घरं आणि एकशे दहा मेंढरं आहेत. टँकर आठ दिवसांनी येतो. मेंढरं आठ दिवस थांबत नाहीत.' बस्स, एवढंच. मी तो अर्ज वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, याला म्हणतात लिहिणं. मोठे शब्द नकोत, तपशील द्या. ती मुलगी लाजून बाकाखाली घुसायची बाकी होती. असा दिवस आला की पेठ नाक्यापर्यंत एसटीत उभं राहावं लागलं तरी पाय दुखत नाहीत.

पण हे तास दरवर्षी नव्याने मिळवावे लागतात. मेमध्ये माझी नोकरी संपते. जुलैमध्ये जाहिरात येते, मी परत अर्ज करते, परत मुलाखतीला बसते, आणि ज्यांच्या शेजारून वर्षभर जिने चढले तेच लोक मला विचारतात, "तुमच्याविषयी थोडं सांगा." अकरा वर्षं मी माझ्याविषयी थोडं सांगतेय. सांगलीत एवढी वर्षं ते सुखरूप पार पडायचं, कारण विभागप्रमुख सर होते. जुलै लागला की त्यांचा फोन यायचा, "जाहिरात आलीय बरं का. येऊन फॉर्म भरून जावा." दोनच वाक्यं. पण त्या दोन वाक्यांवर माझं वर्ष उभं राहायचं.

ते सर गेल्या मेमध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतर विभागातलेच दुसरे सर प्रमुख होणार हे ठरलेलं होतं. पुढच्या जुलैत मला बोलावतील की नाही, हे त्यांच्या हातात जाणार होतं. एप्रिलपासूनच मी जुलैचे दिवस मोजत होते.

त्यातच या होणाऱ्या प्रमुखांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, सरांच्या सत्काराचं मानपत्र तुम्ही लिहा. तुमचा तो विषयच आहे. मी नजर टाकीन."

आमच्या कॉलेजात मानपत्राचं मोठं प्रस्थ. शाल, श्रीफळ, फेटा हे सगळीकडेच असतं. आमच्याकडे सोनेरी किनारीच्या जाड कागदावर मानपत्र छापून आणतात आणि त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत प्राचार्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येक जण स्वतःच्या हाताने सही करतो. मग ती फ्रेम करून देतात. निवृत्त झालेल्यांच्या दिवाणखान्यात गेलं की आधी ती फ्रेम दाखवतात, आणि मजकूर कोणी वाचत नाही, सह्या वाचतात. ही अमक्याची, ही तमक्याची, हा बिचारा गेला. यापूर्वीची पाच मानपत्रं मीच लिहिली होती. सही एकावरही नाही. यादी ऑफिसातून येते आणि यादीत फक्त कायम नोकरीतली माणसं असतात.

सरांचं मात्र मी जीव ओतून लिहिलं. 'ऋजू व्यक्तिमत्त्व', 'ज्ञानदानाचा वसा' असलं काही घातलं नाही. परीक्षेला मी एकदा त्यांच्याबरोबर एकाच हॉलवर होते. त्यांनी एका मुलाला कॉपी करताना पकडलं. मुलगा थरथरत होता. सरांनी आधी त्याला पाण्याची बाटली दिली, तो पाणी पिऊन होईपर्यंत उभे राहिले आणि मग कागद काढून घेतला. मी लिहिलं, 'आमच्या सरांनी कॉपी करणाऱ्याला कधी सोडलं नाही, पण पाणी पाजल्याशिवाय कधी पकडलंही नाही.' लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचलं. चांगलं झालं होतं. खोटा विनय कशाला?

छापून आल्यावर सह्या गोळा करायचं कामही माझ्याकडेच आलं. दोन दिवस तो कागद पुठ्ठ्यात धरून मी खोलीखोलीत फिरले. कोणी चहाचा कप बाजूला ठेवून सही केली, कोणी फोनवर बोलत बोलत. एका सरांना मी अकरा वर्षांत पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. म्हणाले, "पेन आहे का?" शेवटी राहिले शिपाई मामा. मामा जिन्याखाली स्टुलावर बसतात, तास वाजवायची घंटा त्यांच्या डोक्यावर. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि चौथीतल्या पोरासारखी जपून सही केली. मग कागदावरून बोट फिरवत त्यांनी मला विचारलं,

"आवं मॅडम, तुमची सई कुठं हाय?"

"माझी नसते, मामा."

"नसती म्हंजे? लिवलंय कुनी?"

"मीच."

"मग? हितं जागा हाय की. माज्या खाली करा."

खरं सांगते, मला रडू आलं. कोणीतरी मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा 'इथं जागा आहे' असं म्हणालं होतं. मी सही केली. अगदी कोपऱ्यात, लहान, मामांच्या सहीच्या खाली.

दुसऱ्या दिवशी त्या प्रमुख होणाऱ्या सरांनी मला बोलावलं. कागद टेबलावर होता. त्यांचं बोट माझ्या सहीवर नव्हतं, सहीच्या शेजारी होतं.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण तासिकावाल्यांपैकी एकाची सही घेतली की उद्या बाकीचे विचारतात. शिवाय यादी ऑफिसची आहे. माझ्या हातात काही नाही."

मी म्हणाले, "खोडू का?"

"छे छे, खाडाखोड नको, फ्रेम व्हायचीय. दुसरी प्रत छापून घेतलीय मी. तेवढ्या सह्या परत घ्या. तुम्हाला आता कोण कुठे बसतं ते माहितीच आहे."

डोक्यात अशी तिडीक गेली! माझी सही नको म्हणून साठ-बासष्ट लोकांच्या सह्या परत, आणि त्या गोळा करायच्या मीच. तो कागद त्यांच्या टेबलावर आपटून निघून यावं असं वाटलं. पण जुलै डोळ्यांसमोर आला. मी पुठ्ठा उचलला. "जुना फाडून टाका," असं ते मागून म्हणाले. मी तो फाडू शकले नाही. जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यावर गुंडाळी करून ठेवला आणि पुढे गेले.

परत सगळ्या खोल्या. आणि गंमत बघा, एकानेही विचारलं नाही की दोनदा का? त्याच हाताने, त्याच पेनने, परत सही. आदल्या दिवशी आपण सही केली होती हे काहींच्या लक्षातही नव्हतं. एकजण तर म्हणाले, "अरे वा, छान झालंय. कधी आणलं?" मी म्हणाले, आत्ताच.

फक्त मामांनी हात पुढे केला नाही.

"ही दुसरी परत कशापायी?"

मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं, पण मामांपुढे जीभ वळली नाही. त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला.

"मी न्हाई करत."

"मामा, तुमची राहिली तर ते मला बोलतील."

"कोन बगतंय शिपायाची सई? माजी एकदा करून झाली. त्या कागदावर हाय ती." आणि उठून घंटा दिली. पाच मिनिटं लवकर दिली, मी घड्याळ बघितलं.

खरंच कोणी बघितलं नाही. सत्कार झाला. पोरांच्या मागे, शेवटच्या रांगेत मी बसले होते. मानपत्र वाचलं गेलं आणि पाण्याच्या त्या वाक्यावर टाळ्या पडल्या. माझ्या पुढचा पोरगा म्हणाला, "आयला, भारी लिवलंय." सरांनी डोळे पुसले. उत्तराच्या भाषणात ते नव्या प्रमुखांकडे वळून म्हणाले, "एवढं मनापासून लिहिलंत, मी तुमचा ऋणी आहे." नवे प्रमुख उठून नुसते हात जोडून खाली बसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

मग मे, जून. सांगलीतली खोली मी सोडत नाही, सोडली तर परत मिळायची नाही. त्या दोन महिन्यांत मी दिवसच्या दिवस कोणाशी बोलले नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. भाजीवाली 'काय देऊ' म्हणते तेवढंच. एकदा दुपारी मी माझा आवाज आहे का ते बघायला मोठ्याने वर्तमानपत्र वाचलं. जुलै लागला. फोन आला नाही. जाहिरात मीच कॉलेजच्या फलकावर वाचली. तासांची संख्या गेल्या वर्षीपेक्षा कमी होती.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर आणखी दोघी होत्या. दोघीही पीएचडी झालेल्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. एकीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही परीक्षक का?" मी म्हणाले, नाही, मी तुमच्याच रांगेत. ती बिचारी ओशाळली आणि तिने मला सरकून जागा दिली. दारावर मामा होते, नावं पुकारत. माझं नाव त्यांनी अख्खं पुकारलं, वडिलांच्या नावासकट. त्या इमारतीत माझं नाव असं पूर्ण मी पहिल्यांदा ऐकलं.

आत तिघे होते. प्राचार्य, नवे प्रमुख आणि बाहेरून आलेले एक वयस्कर तज्ज्ञ. 'तुमच्याविषयी थोडं सांगा' झालं. मग तज्ज्ञांनी टेबलावरचा कॉलेजचा नवा वार्षिक अंक उचलला आणि मध्येच उघडला.

"तुम्ही लेखन शिकवता ना? हे मानपत्र बघा, तुमच्याच कॉलेजचं. मी मघाशी वाचत होतो." आणि त्यांनी ते पाण्याचं वाक्य मोठ्याने वाचलं. अगदी जिथं थांबायचं तिथं थांबून. "आता सांगा, यात चांगलं काय आहे?"

माझे कान तापले. पण प्रश्न माझ्या विषयाचा होता, मी उत्तर दिलं. मी म्हणाले, लिहिणाऱ्याने गुणाचं नाव घेतलेलं नाही. दयाळू, शिस्तप्रिय, असं काही म्हटलं नाही. एकच गोष्ट सांगितलीय, जी त्याने स्वतः उभं राहून बघितलीय. ऐकीव माहितीवर असं वाक्य येत नाही.

"अगदी बरोबर," म्हातारबाबा खुलले. "अहो, मी कित्येक मानपत्रं वाचली, असं नाही वाचलं. कोणी लिहिलंय हे? नाव नाही खाली."

नव्या प्रमुखांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या कागदाकडे बघत राहिले. त्या कागदावर आम्हा तिघींची नावं होती.

मी लिहिलं, हे दोन शब्द. अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आज विचारत होतं. ते जिभेवर आले होते, खरंच आले होते. आणि मला खोलीचं दार दिसलं, त्याला अडकवलेली दुधाची पिशवी दिसली, वहिनीच्या हातातला तांब्या दिसला. गुरुवार ते शनिवारवर वर्ष निघत नाही. आणि सोमवार ते बुधवार मी कोणाशी बोलू?

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

"तुम्हीच का हो?" तज्ज्ञ प्रमुखांकडे वळले.

"विभागाचं काम आहे, सर," ते म्हणाले. पेन परत चालू झालं. मग अगदी सहज, मान वर न करता, "मॅडमचे तास आहेत तसे ठेवू. अनुभव आहे त्यांना."

पाच मिनिटांत संपलं. तास मिळाले. बाहेर आले तर जिच्याशेजारी बसले होते ती मुलगी आशेने माझ्याकडे बघत होती, आत काय विचारतात म्हणून. मी तिला म्हणाले, "सोपं विचारतात." आणि तिच्याकडे पाठ करून जिना उतरले. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

दार सोडून मामाही माझ्या मागोमाग जिन्याखाली आले. "काय झालं?"

"मिळाले."

"बेस झालं!" त्यांना खरोखर आनंद झाला. मग इकडे-तिकडे बघून त्यांनी घंटेखालचं त्यांचं लहान कपाट उघडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मी ओळखलं. सोनेरी किनार. तो पहिला कागद. इस्त्री करून सरळ केलेला, एका कोपऱ्याला कचऱ्याच्या डब्याचा चहाचा डाग. खाली सगळ्यांच्या सह्या, मग त्यांची, मग माझी.

"तुमी टाकला, मी उचलला. आता ह्या म्हयन्याला माजंबी रिटायर हाय. शिपायाला शाल आन नारळ देत्यात, मानपत्र न्हाई देत." ते थोडे लाजले. "तुमी लिवशीला का? लय मोटं नगं. घरात लावीन. सुनंला दावीन."

"लिहीन की, मामा."

"आन सई फकस्त तुमची. दुसऱ्या कुनाची नसली तरी चालंल. तुमची सई म्हंजे खरी."

मी हो म्हणाले. आत काय बोलून आले ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

मानपत्र मी त्याच दुपारी लिहायला बसले. एका बैठकीत झालं. त्यात आहे की आमच्या मामांनी तीस वर्षं घंटा वेळेवर दिली, फक्त एकदा पाच मिनिटं लवकर दिली आणि ती का दिली ते आम्हाला माहीत आहे. सोनेरी किनारीचा कागद आणला, छापूनही घेतलं. मामांचा शेवटचा दिवस परवा आहे. मजकुराखाली सगळी जागा मोकळी आहे, एवढी जागा मला कधीच मिळाली नव्हती. पेन घेऊन तीन दिवस मी त्या कागदासमोर बसतेय. सही अजून केलेली नाही.